टाळ्या कोणाला

१२ नोव्हें., रवि.
डॉ. दिलीपचा लेख पुन्हा पान दोनवर. माझं सदर शेवटच्या पानावर, राशिभविष्याच्या खाली. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तो कॅप्टन, मी बाकावर. इतक्या वर्षांनी संपादकानं तीच टीम उतरवली.
विषय काय, तर रशियात डॉक्टरकी शिकताना पाहिलेला बास्केटबॉल क्लब. देश फुटला, कारखान्यानं पैसा बंद केला, क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेला. नाव नवं, जर्सी नवी, खेळाडू तेच. इथं यवतमाळात कापसाला गिऱ्हाईक नाही अन् लोक विचारतात, त्या उंच सेंटरचं पुढं काय झालं?
काय होणार. उंचच राहिला असेल.

१६, गुरु.
चहावाला शंकर : "भाऊ, तुमचंबी वाचतो ना. पण डॉक्टरसायबाचं आधी."
त्या 'बी'नं जेवण गेलं नाही.

१९, रवि.
बायको कुंदा दिलीपचा लेख मोठ्यानं वाचून राह्यली. क्लब गेला, हॉल रिकामा, तरी म्हातारी तिकीटवाली दर शनिवारी खिडकी उघडून बसते. कुंदाच्या डोळ्यांत पाणी. माझं वाचून म्हणते, "प्रूफ नीट पाह्यलं नाही वाट्टे."
तिकीटवाली ही दिलीपची थाप आहे. चांगली थाप. मला का नाही सुचली.

२२, बुध.
संपादक भाऊसाहेबांचा फोन. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या जाहिराती बंद. पुढच्या महिन्यापासून आठाची चार पानं, सदर एकच. "तुमचं ठेवू का डॉक्टरचं, मलेच समजून नाही राह्यलं."
समजलंय. म्हणूनच फोन केला.

२६, रवि.
आजचा लेख. नव्या नावाचा क्लब पहिल्यांदाच जुन्या हॉलमध्ये खेळायला येतो, पाहुणा म्हणून. समोर त्या गावानं नव्यानं उभी केलेली पोरांची टीम. हॉल गच्च. दोन्ही टीमा आत येतात, लोक उभे राहतात, टाळ्या सुरू. कोणासाठी, ते पुढच्या लेखात.
डॉक्टर आहे. नस कुठं दाबायची, कळतं.

२८, मंगळ.
दिलीप आला. पांढरकवड्याचा दवाखाना आटोपून थेट. चपला काढता काढताच, "सदर तुझंच राहू दे बाप्पा. मी थांबतो. भाऊसायबाले सांगून देतो."
मॅच जिंकल्यात जमा झाली की हा मला शेवटची पाच मिनिटं उतरवायचा. तोच आवाज.
कुंदानं चहा देताना विचारलं, "भाऊजी, मंग टाळ्या कोणाले?"
"ते अजून लिहिलं नाही, वहिनी. थांबलो तर थांबलो."
"तोंडी सांगा ना."
"तोंडी मजा नाही त्याची."
माझं बिस्किट चहात पडलं. जाताना म्हणाला, "उद्या कळव."

२९, बुध.
कुंदा सकाळी भाकरी थापताना एकदाच : "तुमच्या सदरात सांगसान ना मंग, टाळ्या कोणाले?"
माझ्या मते, जुन्या खेळाडूंना. नाही, पोरांना. छे. तिकीटवाली खिडकी बंद करून आत येते, आणि... हे मी कायले लिहून राह्यलो.
भाऊसाहेबांना फोन लावला.
"उद्या दुपारी पानं लोहाऱ्याच्या छापखान्यात जातात. बोला, कोणाचं टाकू?"
"पाच मिनिटांत करतो," म्हणून ठेवला.
चहा झाला. जेवण झालं. फोनशेजारी दिलीपचा रविवारचा लेख उलटा ठेवलाय.