ताटातली चिठ्ठी

रविवार, ५ जानेवारी २०२५

भीमा! चाळीस घरांची मंडळी, त्यात दोन मास्तर, एक वकील — आणि माझी समजूत घालायला देवानं निवडला कोण, तर चर्चची घंटा वाजवणारा भीमा! स्वतःचं नाव सांगतानाही तीनदा अडखळतो.

बायकोनं, जयानं, चर्चमधून आल्या आल्या सांगितलं, "चिठ्ठी भीमाची निघाली." आमच्याकडे भांडण मिटवायचं असलं की समजूत घालायला जायला तयार असतील त्यांनी आपल्या नावाची चिठ्ठी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या ताटात टाकायची. पाळकसाहेब डोळे मिटून एक उचलतात. ती म्हणजे देवाची निवड!

भांडण अंगदशी, माझ्या धाकट्या भावाशी. आईला शेवटची सहा वर्षं मी सांभाळलं. जाताना घरातलं जुनं बायबल तिनं दिलं त्याला! चार वर्षं झाली, बोलणं बंद. अठरा तारखेला त्याच्या मुलीचं, रेश्माचं लग्न. मी जाणार नाही.

मंगळवार, ७

भीमा आला. नऊ ते अकरा बसला. वकील येईल म्हणून जे मुद्दे तयार ठेवले होते, ते सगळे त्याला ऐकवले. तो नुसती मान हलवतो — हो की नाही, देव जाणे. तिकडे माझ्या रोपांच्या नर्सरीत गिऱ्हाइकं ताटकळली.

पाळकसाहेबांना फोन लावला. म्हणाले, "तात्या, देवानं निवडलेला मोशेही जड जिभेचाच होता."

अहो, पण त्याच्याबरोबर बोलायला त्याचा भाऊ अहरोन दिला होता ना! याच्याबरोबर कोण?

बुधवार, ८

आला. चहा, बिस्किटं, मान. गेला.

गुरुवार, ९

वैतागून माझं बायबल उघडलं. देवानं निवडले कोण कोण? हाबेल — धाकटा. याकोब — धाकटा. योसेफ अकरावा. दावीद तर आठवा, मेंढरांमागून बोलावून आणला. थोरल्यांनी काय घोडं मारलं होतं? गिदोनाकडे लढाईला बत्तीस हजार माणूस. देवानं घरी पाठवत पाठवत तीनशेवर आणलं! मी डाळिंबाची रोपं निवडतो तेव्हा मरतुकडं आधी उपटून फेकतो. त्यावर तर धंदा उभा केला. देवाचं सगळं उलटंच.

हे सगळं भीमाला मोठ्यानं सुनावलं. त्यानं बिस्कीट बुडवलं.

शुक्रवार, १०

आज बोलला! एकच बोलणं, चहा गार होईपर्यंत.

"मा-मावशी म्हनली हुती... सू-सूर्यभान पायावर उभा हाय. अं-अंगदाला ध-धरायला कायतरी लागंल."

मावशी म्हणजे आमची आई, सूर्यभान म्हणजे मी. अंगद तेव्हा दारू पीत होता, हे खरं. पण आईनं हे मला का नाही सांगितलं? घंटावाल्याला सांगितलं! पाराच चढला. "ऊठ, जा आता," म्हणालो.

"उ-उद्या येतो," म्हणाला.

शनिवार, ११

आला. मी चहा विचारला नाही. तरी अकरापर्यंत बसला.

रविवार, १२

जया मागच्या दारी बहिणीशी फोनवर. आवाज बारीक — पण माझे कान!

"अगं, ताटात एकच चिठ्ठी हुती. यांच्या तोंडाला कोन लागंल?"

चाळीस घरं. एक चिठ्ठी.

भीमाला निरोप धाडला — उद्या सकाळी खर्ड्याला जायचं, अंगदकडे. तिथं माझ्या वतीनं बोलायचं त्यानं. मी गाडी चालवीन.