मी दिसलो की ढमी लंगडते

लंब्या, हे लिहिणारच नव्हतो, तू हसशील म्हणून. आज कुत्र्यांच्या शेल्टरने पाठवलेले ते नवरा-बायको आपल्या ढमीला दत्तक घ्यायचं म्हणून बघायला येतायत आणि मी मुद्दाम घरी नाहीये. ज्या मोडलेल्या पायासाठी तिला शेल्टरमधून थोडे दिवस आपल्याकडे आणली, तो आता ठणठणीत आहे, डॉक्टरच म्हणाले. पण मी दिसलो की बया लंगडायला लागते! उचलून उचलून मीच लाडावून ठेवलीय. लंगडताना बघून ते नको म्हणाले, तर परत पिंजऱ्यात जाईल रे ती. माझी चप्पलसुद्धा कपाटात टाकलीय, वास नको. तू फक्त तिला त्यांच्यासमोर चालू दे. आवडली तर लगेच नेऊ दे, तिची गोधडी सोबत दे. मी समोरच्या सलूनमध्ये बसलोय. जाताना ती कितीही रडली तरी मी तिथून उठणार नाही. तुला शब्द देतो.