तलावाचा गाळ आणि आमची गोपिका

मी, प्रयागबाई देवराव गायधने, वय सत्तरीच्या पुढे, राहणार नंदनवन, नागपूर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जाऊबाई जयवंता वेगळे सांगेल. ते मनावर घेऊ नये.

१. राहते घर पुतण्या रुपराव यास द्यावे. मागचे परस मात्र त्यास नाही. तो तिथे खोल्या काढील.

२. परसातली माती इथली नाही. आमची एकुलती एक मुलगी गोपिका लहानपणीच तापाने गेली. तिला गावाकडे मोहाच्या झाडाखाली पुरले होते. पुढे धरण झाले आणि गावासकट मोहही पाण्याखाली गेला. बहात्तरच्या दुष्काळात धरणाचा तलाव आटला, लोक गाळ शेतात नेऊ लागले. मी बळीराम ट्रकवाल्याकडून मोहाच्या खोडाजवळचा गाळ इथे आणवला.

आमचे हे म्हणाले, "काहून आणलं वं हे?"

मी म्हणाले, "पोरीले पाण्यातच राहू देऊ काय?"

नुसता गाळ वाळला की दगड होतो, म्हणून त्यात वाळू, शेणखत व धानाचा कोंडा मिसळून वाफे केले. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक असे आले की गल्ली पाहायला लोटली. जयवंता सर्वांदेखत म्हणाली, "मेल्या लेकराच्या मातीतलं खाता?" त्यानंतर कोणी भाजी नेली नाही. जयवंतेस माझ्या वस्तूंपैकी काहीही देऊ नये.

३. यांनी परसात कधी पाऊल ठेवले नाही. मला वाटे, रागावले आहेत. शेवटच्या दुखण्यात म्हणाले, "परसाच्या दारातून फिरलो का थे पोरगी मांगून सदरा ओढते वं. मले पाहवत नाही तिच्याकडे."

४. परस शेजारच्या सुभद्रेस द्यावे. ती खाप्याहून नवीन आलेली, तिला यातले काही ठाऊक नव्हते. एका सकाळी कुंपणावरून तिने विचारले, "मावशी, थे पोरगी कोनाची जी? रोज वाफ्यात बसून राह्यते." मी म्हणाले, "आमचीच." तिने वाफे पेरते ठेवावे. वर फरशी घालू नये.

५. मला मात्र गोपिका एकदाही दिसली नाही. पाणी घालताना मी हाका मारल्या, तरी नाही.

६. रुपरावने माझ्या अस्थी नदीत सोडू नयेत. त्या वाफ्यातच पुराव्या. तिला शोधत मला लांब जावे लागू नये.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून अंगठा केला.

साक्षीदार: १. नत्थू कवडू लांजेवार (सही)
२. अंजनाबाई शालिकराम बोंदरे (अंगठा)

नागपूर, ता. ९ जून १९८३