यंत्रावर नारळ कुणी फोडला

कडुबाची वाडी, करमाडजवळ
ता. ९ ऑक्टोबर २०२५

बद्रीनाथ यास,

लेखी दे म्हणलास ना, घे लेखी. सगळ्या मास्तरांपुढं म्हणलास, अक्का, कमिटीत तोंडी तक्रार चालत नाय, आन् हसलास. तुला वाटलं, चौथी शिकलेली बाई काय लिहिती. फोन तर तू माझा उचलतच नाय. आशीर्वाद हायेत, सोनिया आन् मेघा बऱ्या असतील, माझा गुडघा तसाच हाय. झाली खुशाली.

आता सांग, त्या खोलीला कुलूप कुणाला इचारून लावलंस? तू शाळा कमिटीचा अध्यक्ष असशील, शाळा आपल्या बापाची नाय. हे मला पक्कं म्हाईत हाय, कारण बाप आपला एकच.

ती यंत्राची खोली सुरू झाली तव्हा मीबी बोंबलले होते. मी शाळेत शिजवलेली खिचडी निवून जायची आन् पोरं तिथंच. ऋतुराज सर शनिवारी संभाजीनगराहून यायचे, फळ्यावर काय लिहायचे नाय, नुसत्या मोटरी, चाकं, वायरी पोरांपुढं टाकायचे आन् म्हणायचे, जोडा. चाकं उलटी फिरली तर म्हणायचे, का फिरली ते तुम्हीच शोधा. मी म्हणलं, मग ह्यांनी एवढ्या लांबून यायचं कशाला?

मग तुझी मेघा आन् कमरोद्दीन पंक्चरवाल्याची रुक्सार, दोघी माझ्याकडून तेलाच्या डब्याचं पत्रं मागून घेऊन गेल्या. त्याची गाडी केली. माझ्या चुलीपासून वर्गापर्यंत फरशीवर काळी टेप चिटकवली. गाडीच्या पोटाखाली दोन बारके डोळे, ते टेप बघत चालायचे आन् गाडी ताटल्या घेऊन वर्गात जायची. पण ऊन आलं की टेप सोडून हौदाकडं पळायची. माझ्या ताटल्या हौदात. रुक्सार फरशीवर पालथी पडून बघत राहिली आन् म्हणली, उन्हानं हिचे डोळे दिपतात. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोघींनी गाडीला परकर नेसवला, तव्हा ती सरळ चालली. त्या दिवशी तळाची खरपुडी मी दोघींनाच खरवडून दिली. दुसऱ्या पोरांनी तोंडं फुगवली तर फुगवू दे.

खंडेनवमीला अवजारं पुजायची, ते बरोबरच हाय. माझ्या झाऱ्याला मीबी कुंकू लावते. पण तू ती गाडी ट्रॅक्टर पुजावा तशी पुजलीस. तांब्यानं पाणी शिंपडलंस, ओलं हळद-कुंकू वायरींवर ओढलंस, वरून गाडी चालू ठेवायला लावलीस, का तर व्हिडिओत चाकं फिरताना दिसली पाहिजेत. रुक्सार म्हणली, "काका, आधी बॅटरी काढू द्या." तू म्हणलास, "पूजेत मधी बोलायचं नसतं." आन् नारळ तिथंच, गाडीच्या डोक्यावर फोडलास. पाणी आत गेलं, धूर निघाला. मी झारा घेऊन दारात उभी होते, बद्रीनाथ. मला कुणी सांगायची गरज नाय.

दसरा झाला आन् ज्या कंपनीनं सामान दिलं तिचे साहेब बघायला आले. तू त्यांना सांगितलंस, त्या रुक्सारनं वायर उलटी जोडली म्हणून जळालं. पोरगी खाली मान घालून निघून गेली. तव्हापासून ती शाळेत नाय. सर गाडीचा नवा बोर्ड घेऊन आले, कुलूप बघून माघारी गेले. दिवाळीनंतर तालुक्याला प्रदर्शन हाय, तिथं पोरी काय नेतील, कुलूप?

मी कमरोद्दीनच्या दुकानावर गेले होते. त्यानं स्टुलावर बसवलं, चहा मागवला. म्हणला, "जाने देव आपा, बद्रीभाऊके साथ अपना रोज का उठना-बैठना है." पोरीला आता घरीच बसवतो म्हणला. तो माणूस तुझ्यावर चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण आता लिहितेच. तू बायकोच्या, सोनियाच्या हाती निरोप धाडलास, अक्काला सांग, खिचडीचं काम कमिटीच्या हातात असतं. सख्ख्या बहिणीला. बरं, काढ. मला गावात चुली कमी नायत. उद्या लग्नाच्या पंगती शिजवीन.

आन् खरं सांगू, ते एवढं लागलंच नाय. लागलं ते दुसरंच. काल मेघा ताटली घेऊन माझ्याजवळ बसली, घास काय खाल्ला नाय. म्हणली, "आत्या, मी खरं बोलले तर पप्पा खोटे पडतील ना?" मी ताटली बाजूला सारून तिला जवळ घेतलं. ती सगळं बघत होती रे तिथं. मैत्रीण गेली, गाडी गेली, तरी पोरगी तोंड शिवून बसली, कुणासाठी? तुझ्यासाठी. घरात बाप कोण हाय, तू का ती?

नारळ फोडला म्हणून कुणी वाईट होत नाय. आपल्याला ट्रॅक्टर म्हाईत, तसंच केलं. साहेबांपुढं एवढंच म्हणला असतास तर तेबी हसले असते आन् विषय मिटला असता. पण तू ते पोरीवर घातलंस, आन् कमरोद्दीन भांडायला येणार नाय हे बघूनच घातलंस. ते मी गिळणार नाय.

कुलूप काढ. मेघाला संगं घेऊन कमरोद्दीनच्या घरी जा आन् रुक्सारपुढं तुझ्या तोंडानं सांग की चूक माझी होती. मेघानं ते कानानं ऐकलं पाहिजे. पाया पड म्हणत नाय.

भाऊबीजेची भीती मी घालत नाय. तू काय बी केलंस तरी ओवाळीन, ते निराळं. पण परवा शनिवारी पालक सभा हाय. तू बोलला नायस तर मी उठून बोलणार, आन् त्याला मला कागद लागत नाय.

शनिवारी प्रार्थनेच्या घंटीआधी जबाब पाहिजे. निरोप नको, सोनियाला पुढं करू नको, स्वतः ये. मी चुलीपाशीच असंन.

तुझी अक्का,
आन् सोमवारीबी खिचडी शिजवणारी,
सरूबाई