भाईचा शेवटचा हात

रहिमतपूर
ता. ११ नोव्हेंबर, मंगळवार

लियाकत,

फोन उचलायचा न्हाई, उचलला तर "भाभी, प्रॅक्टिस चालू हाय" म्हणून ठेवायचा, आन आता तर माझा नंबरच बंद करून टाकलास. मुबश्शिरा म्हणाली, अम्मी, चाचांनी तुला ब्लॉक केलंय. केलंय तर केलंय. कागदाला ब्लॉक करता येत न्हाई. आपल्या गल्लीतला तानाजी उद्या कांद्याचा टेम्पो घेऊन सांगलीला चाललाय, त्याच्यापाशी देते. त्याला सांगून ठेवलंय, तू फोडून वाचायला लागल्याशिवाय तिथनं हलायचं न्हाई.

सलाम राहिला. सलाम. नूरीनला दुवा, पोरांना दुवा. आमी बरे हाय. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो, पण मला लिहायला येतं ते चौथीपर्यंतचं मराठी, तवा असंच वाचून घे. चुका काढत बसू नगंस.

माझ्या दोन गोण्या कुठं हायत ते सांग. गोऱ्यांच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या सीड्या भरलेल्या. आन ह्यांचा ड्रमसेट. हे गेल्यावर चाळीसव्याला टेम्पो घेऊन आलास. मी इद्दतीत, आतल्या खोलीत पडद्याआड बसलेली, परक्या माणसांम्होरं येता येईना. तुझे हमाल सामान काढत हुते आन मी आतनं ऐकत हुते. मोठी झांज कुणीतरी उंबऱ्यावर आपटली. तिचा आवाज कितीतरी वेळ घरात राहिला. तू पडद्याबाहेरनं म्हणालास, "भाभी, तुमाला ह्याचा काय उपयोग? तुमाला तर वरची नावं बी वाचता येत न्हाईत. भाईची याद म्हणून मी संभाळतो."

न्हाईच वाचता येत. पण चित्र बघून सांगते कोणती कोणती. एक गाठोड्याएवढ्या केसांचा. एक उघड्या अंगानं बसून वाजवतो तो. एक ज्यात पाऊस पडतोय, चिखल झालाय, तरी माणसं मैदान सोडून जात न्हाईत ती. तुला नावं वाचता येतात, तू त्यातली एक तरी शेवटपर्यंत बघितलीस का?

ती जमवली कशी ते तरी ठावं हाय का? कराडला इंजिनियरच्या कॉलेजातली पोरं मे महिन्यात खोल्या सोडून जायची, तवा वह्या, चपला, सीड्या, सगळं भंगारवाल्याला घालायची. लगीनसराई त्याच दिवसात. तरी हे वरात संपवून, बँडचा लाल कोट अंगावर तसाच, भंगारात जाऊन बसायचे. एकेक सीडी उजेडाला धरून ओरखडे बघायचे, तांदूळ निवडल्यासारखं. भंगारवाला म्हणायचा, "मास्तर, हिंदी पिक्चर बी हायत, न्या की." हे म्हणायचे, "पिक्चर नगं. ज्यात माणूस बसून वाजवताना दिसतो ती दे."

पावसाळ्यात वराती बंद. मग टीव्ही लावायचा, त्याच्या म्होरं सेट मांडायचा, आन टीव्हीतला बाबा वाजवंल तसं त्याच्यासंगं वाजवायचं. शेजारी रंगुबाई भिंतीवर लाटणं आपटायची. मी बी कावायची. म्हणायची, आवं, त्यो गोरा तुमाला मेहनताना देतो का? तर हे म्हणायचे, "लग्नातला बँड माझ्यासाठी थांबतो, शबाना. ह्यो थांबत न्हाई. म्हणून ह्याच्यासंगं वाजवायचं."

असो. मी सीड्या मागते त्या मुबश्शिराच्या बापाची आठवण म्हणून, असं तुला फोनवर सांगितलं हुतं. ते खरं हाय, पण सगळं खरं न्हाई.

मागल्या जुम्म्याला मुबश्शिरानं फोनवर तुझा व्हिडिओ दाखवला. काळा कोट, हातात माईक, मागं तुझी ऑर्केस्ट्रा. ह्यांच्या फोनमधलं ते रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरांवर लावलंस आन रडत सांगितलंस, "हा माझ्या भाईचा शेवटचा हात. लकव्यानं उजवा गेला हुता, तरी एकट्या डाव्या हातानं भाईनं हे वाजवलं. आता ऐका, इथं भाईचा दम संपला. हात थांबला. हा खोकला ऐका. आन बघा, परत उचलला!" मग म्हणालास, येत्या रविवारी, बरसीच्या कार्यक्रमात, सगळी ऑर्केस्ट्रा ह्या रेकॉर्डिंगच्या मागं वाजवणार, आन भाईचा हात थांबला तिथं सगळे थांबणार. हॉलमधी माणसं उभी राहणार. शांतता.

मुबश्शिरा रडायला लागली. मी उठून चुलीकडं गेले. तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या, आन पोरीला वाटलं असतं बापाच्या नावानं चाललंय.

एका हातानं म्हणं! लियाकत, तू पेटीवर बोटं नाचवणारा माणूस. पायाचा ढोल, डाव्या बाजूचा ड्रम आन उजवीकडची मोठी झांज एका टायमाला वाजती, ती एका हातानं कशी वाजंल? येवढं बी कानाला कळंना? का कळून बी समजून घ्यायचं न्हाई?

लकवा झाल्यावर तू किती वेळा आलास? दवाखान्यात एकदा, सफरचंदं घेऊन. नंतर घरात काय चाललं हुतं ते तुला कोण सांगणार? हे खाटंवर बसून टीव्ही लावायचे. डाव्या हातात काठी घेऊन खाटंच्या लोखंडावर मारायचे. चुकायचं. एका दुपारी काठी टीव्हीवर फेकून मारली. ती माझ्या पायापाशी आली. मला बी राग आला. सकाळधरनं अंघोळ, औषधं, कपडे, आन वर ह्यो थाट. मी काठी उचलली आन म्हटलं, बसा स्टुलावर. आजपासनं तुमचा उजवा हात मी. गप वाजवा.

तसंच वाजवलं काय दिवस. डावा हात आन डावा पाय ह्यांचा, उजवा हात माझा, मी बाजूला उभी. पुढं ह्यांना स्टुलावर बसता येईना. मग स्टुलावर मी, आन हे खाटंवर, हातात रिमोट. चुकलं की मागं घ्यायचे.

"घाई करू नगंस! जेवण न्हाई ते, उरकून टाकायला!"

"पाय कुठं हाय तुझा? झोपला का?"

मी म्हणायची, चपाती लाटायला पाय लागत न्हाई, शिकते न्हवं का? तर म्हणायचे, "माझ्याकडं काय बघतीस? त्या बाबाच्या पायाकडं बघ." मग मी बघायची. उघड्या अंगाचा तो बाबा, घामानं भिजलेला, आन मी पदर खोचून त्याच्यामागं. पहिल्यांदा एक गाणं सुरवातीपासनं शेवटापर्यंत त्याच्यासंगं गेले तवा ते हजारो गोरे टाळ्या वाजवत हुते, आन हे म्हणाले, "ऊठ, सलाम कर त्यांना." मी खुळीसारखा टीव्हीला सलाम केला.

हे कुणाला ठावं न्हाई. मुबश्शिरा तवा साताऱ्याला होस्टेलवर. रंगुबाईला वाटायचं मास्तर बरे झाले. म्हणायची, "अल्लानं ऐकलं बाई, हात चालाय लागला मास्तरांचा." मी व्हय म्हणायची. मला ह्या वयात ढोल बडवताना बघून गावानं हसायला नगं, असं मीच ह्यांना म्हटलेलं.

आन ते रेकॉर्डिंग. दुपारची वेळ हुती, टीव्हीवर ती चिखलातली सीडी. ह्यांनी उशीला टेकवून फोन उभा केला, टीव्हीकडं तोंड करून. म्हणाले, "तुझं तोंड नगं त्यात, नुसता आवाज. लियाकतला पाठवतो. ओळखतोय का बघू कुणाचा हात."

मी वाजवाय लागले. मधी कुकरची शिट्टी झाली. ऐक नीट. हात थांबतो त्याच्या आधी लांब शिट्टी हाय. ती गोऱ्यांच्या पब्लिकमधली शिट्टी न्हाई. माझ्या कुकरची हाय. डाळ खाली लागत हुती. काठ्या ठेवल्या, जाऊन गॅस बंद केला आन पळत आले. तवर टीव्हीतला बाबा पुढं गेलेला, तो थोडाच थांबतो. मी बसले आन तो जिथं हुता तिथंच काठी टाकली.

तवा हे हसले.

तू माईकवरनं खोकला म्हणालास तो खोकला न्हाई, लियाकत. लकवा झाल्यावर हे तसंच हसायचे, अर्ध्या तोंडानं. सख्ख्या भावाचं हसू, आन तू लोकांना खोकला म्हणून ऐकवलंस. आन रविवारी हॉलभर माणसं उठून उभी राहणार ती माझ्या डाळीसाठी.

तुला पाठवायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात हे गेले. मग तूच फोन नेलास, तूच ऐकलंस, आन ओळखलं न्हाईस. त्यांनी तुला घातलेलं शेवटचं कोडं, तेवढं बी सुटलं न्हाई तुला. माझा हात ह्यांचा वाटला ह्यात शाबासकी हाय, पण ती ह्यांच्या शिकवण्याची. तुझ्या कानाची न्हाई.

मुबश्शिरा म्हणती, अम्मी, फोनवर सगळे कार्यक्रम फुकट दिसतात. बघितलं. रंगात आलं की मधीच साबणाची जाहिरात येती. आन माझा तो चिखलातला सापडतच न्हाई. मी आता पिठाचा डबा पालथा घालून वाजवते. पण म्होरं तो बाबा नसला की हात पळतो. चुकलं की मागं घेणारं कुणी न्हाई.

आता मला काय पायजे ते ऐक. मी भांडायला येत न्हाई, तुझा कार्यक्रम मोडायला बी येत न्हाई. रविवारी ते रेकॉर्डिंग लावायचं न्हाई. स्टेजवर ह्यांचा सेट मांड. मागं पडद्यावर ती चिखलातली सीडी लाव, आवाजासकट. स्टुलावर मी बसणार. तुझ्या पोरांनी महिनाभर माझ्याच मागं प्रॅक्टिस केलीय, त्यांना काय जड जाणार न्हाई. आन माईक घेऊन तू सांगायचं, तो हात कुणाचा हुता आन ते हसू कुणाचं. कार्यक्रम झाला की सेट आन गोण्या माझ्यासंगं रहिमतपूरला येतील.

नूरीन, हे तू वाचत असशील तर त्याला मोठ्यानं वाचून दाखव. पोरांम्होरं वाचलंस तरी चालंल.

भाभीला स्टेजवर बसवलं तर लोक काय म्हणतील, ते मला लिहू नगंस. ते मी स्वतःला लय दिवस विचारून झालंय. तानाजी १३ तारखंला, बेस्तरवारी दुपारी रिकामा टेम्पो घेऊन सांगलीतनं परत निघतो. व्हय का न्हाई, येवढंच एका कागदावर लिही आन त्याच्यापाशी दे. कागद आला न्हाई तर रविवारी पहिल्या गाडीनं मी येते. काठ्या माझ्यापाशीच हायत. त्या न्यायचं तुला सुचलं न्हाई.

ह्यांचा उजवा हात,
तुझी भाभी
शबाना

बेस्तरवार. त्याच्या पुढं एक दिवस न्हाई. व्हय का न्हाई?