श्वासाचा रकाना

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पिशोरहून एस.टी.नं निघाले. अकराला संभाजीनगर, तिथून चितेगावच्या गाडीनं कॉलेज. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, पहिलं वर्ष. सात वर्षं नर्सची नोकरी केली, कौन्सिलची नोंदणी आहे, आणि आज पुन्हा वही घेऊन बाकावर बसले. मजा वाटली. वर्गात सगळ्याच नोकरी केलेल्या. दोघींची पोरं शाळेत आहेत.

वसतिगृहात माझ्या खोलीत पाचोडची लुबना आहे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला बाजी म्हणते. मी फार बोलत नाही हे तिनं तासाभरात ओळखलं. म्हणाली, "बाजी, मुँह में थर्मामीटर रख्या क्या?" बऱ्याच दिवसांनी हसले.

खिडकीतून कपाशीचं रान दिसतं. आईला आवडलं असतं. डिग्री घे, हा तिचाच हट्ट होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज लॅब. तिथं खाटेवर रबरी पुतळा आहे. आधीच्या मुलींनी त्याचं नाव भामाबाई ठेवलंय. भामाबाईनं आजवर तीनशे इंजेक्शनं खाल्ली, पण कधी 'आई गं' म्हणाली नाही, असं करुणा मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी श्वास मोजायची पद्धत पुन्हा घटवून घेतली. बोटं नाडीवर, नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं की श्वास बदलतो.

मग चार्ट भरायचा होता. भामाबाईच्या श्वासाच्या रकान्यात काय लिहू, मला सुचेना. लुबना म्हणाली, "वीस लिहा की बाजी. जित्त्या माणसांना तरी आपण दुसरं काय लिहितो?" सगळ्या हसल्या. खरं आहे ते. गर्दीच्या वॉर्डात कुणी मोजत नाही. वीस लिहितात.

मी रकाना कोरा ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते.

मी नोकरी करत होते त्याच दवाखान्यात मागच्या वर्षी आई भरती होती. माझी रात्रपाळी. पहाटे सहाला चार्ट भरायला तिच्या खाटेशी गेले. पांघरूण डोक्यावर होतं. झोपू दे म्हटलं. हात लावला नाही. श्वास वीस लिहिले.

साडेसहाला माझा भाऊ सोमनाथ चहा घेऊन आला, तेव्हा ती गेलेली होती.

गुरुजींनी वेळ विचारली. त्या दिवशी पहाटे चारला तिथी बदलली होती. सोमनाथनं माझा चार्ट पुढं केला. सहाला श्वास चालू होता म्हणजे नंतर गेली, असं म्हणून गुरुजींनी नवी तिथी धरली. आता दिवाळीनंतर वर्षश्राद्ध आहे. सोमनाथ सारखं म्हणतो, "ताई, तू होतीस म्हणून बरं. शेवटपर्यंत लक्ष होतं तिच्यावर."

श्राद्धाच्या आत त्याला सांगायचं आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

वॉर्डात पहिला दिवस. सात पेशंट दिले. एकेकाचा श्वास घड्याळ लावून मिनिटभर मोजला. सातही जणांचा वीस.

मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "सात वर्षांची सवय दिसते. उद्यापासून मोजून लिहा."

मी मोजले होते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज नीट पाहिलं.

कडूबा म्हणून पाय मोडलेला माणूस आहे, बडबड्या. त्याचं मनगट धरलं. विसावा श्वास झाला आणि छाती थांबली. घड्याळात अजून चौदा सेकंद होते. तो बोलतच होता. मका काढायला आलाय, म्हशीला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाय, असलं सगळं. छाती हलत नव्हती. मिनिट संपलं तशी पुन्हा हलू लागली.

मला म्हणाला, "सिस्टर, लई गार हात तुमचा."

८ ऑक्टोबर, बुधवार

अप्पाराव नावाच्या म्हाताऱ्याला दमा आहे. धापा टाकत होता. लुबनानं मोजले, छत्तीस. मी मोजले, वीस. मिनिट संपलं तरी छाती हलेना. दोन मिनिटं. मी ओरडले. लुबना धावत आली, म्हणाली की चांगले चाललेत श्वास, तुम्ही जरा बसा.

दुपारी जेवून परत आलो तर खाट मोकळी होती. गादी उन्हात टाकली होती.

मी मोजला म्हणून तर —

११ ऑक्टोबर, शनिवार

लुबना दुपारी झोपली होती. मोजायचं नव्हतं, पण नजर गेली. एकोणीसला तिला गदागदा हलवून उठवलं. दचकून म्हणाली, "अल्ला! क्या हुआ बाजी, आग लगी क्या?"

आता मी भिंतीकडं तोंड करून झोपते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सरावासाठी लॅबमध्ये. दुपारचे तीन. एकटी.

भामाबाईचं मनगट धरलं. रबर गार असतं. हे आखडलेलं होतं. पांघरूण डोक्यावर कुणी ओढलं होतं? मी नाही.

पांघरूण हललं. वीस वेळा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीच्या सुट्टीला सगळ्या गेल्या. लुबना म्हणाली पाचोडला चला, अम्मीच्या हातचं खा, अशा वाळत चाललात. नाही म्हटलं. आमच्यात यंदा सण नाही. आणि तिच्या घरात किती माणसं, किती श्वास —

दुपारपासून डाव्या मनगटावर काहीतरी आहे. तीन बोटं. नाडी धरतात तशी.

१९ ऑक्टोबर, रविवार

सोमनाथला फोन केला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, मला माहीत होतं ताई. मी चहा घेऊन आलो तेव्हा तिचा हात आखडला होता. बोट वाकत नव्हतं. तू वीस लिहिलं होतंस म्हणून मी माझ्या हातावर विश्वास ठेवला नाही.

मग विचारलं, "कधी गेली मग? चारच्या आधी का नंतर? आपण घास कोणत्या दिवशी ठेवायचा, ताई?"

मला माहीत नाही. कुणालाच —

वाटलं होतं, सांगितल्यावर बोटं सुटतील.

२० ऑक्टोबर

सुटली नाहीत. घट्ट झालीत.

बोटं नाडीवर असली की नजर कुठं असते, मला माहीत आहे.

ती मोजते आहे. मला कळलंय. कळलं की श्वास बदलतो — बदलू नये म्हणून —

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुपार. गावात फटाके वाजताहेत. वसतिगृहात मी एकटी.

घड्याळ पुढ्यात ठेवलं. चार्टचा कोरा कागद घेतला. नाव लिहिलं, सायली. वेळ, तीन दहा.

आज स्वतःचा मोजते. पूर्ण मिनिट. खोटं नाही. दर श्वासाला एक आकडा. एकवीस आला तर संध्याकाळच्या गाडीनं गावी जाते, दोन्ही दिवस घास ठेवू म्हणते —

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११ १२ १३ १४ १५ १६ १७ १८ १९ २० —