दोन्हीकडून चावी लागणारं कुलूप

सोमवार, ४ मार्च

शुद्धलेखन चुकणार. आठवीत शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडे मागायचं नाही. टाइप पण एका बोटाने करते, दुकानाच्या कॉम्प्युटरवर. माफ कर. — माफी कोणाची मागतेय? स्क्रीनची!

बाबा कोणाचं तरी कपाट उघडून द्यायला गेलेत. पुढे दुकान, मागे घर, दार एकच. जाताना त्याला कुलूप. आत मी आणि भिंतभर चाव्या. चावीवाल्याची पोर, आणि कोंडलेली! हसू येतं. मग येत नाही.

ताईने पळून जाऊन लग्न केलं तेव्हापासून हे असं. "तुझ्यावर राग नाही गं," बाबा म्हणतात. "पण माणूस जन्मतःच पापी. तिच्यावर विश्वास टाकला, काय झालं?"

बुधवार, ६ मार्च

आत्या आली होती. जेवताना बहीणभावाची जुंपली.

"दादा, पोरीला जरा श्वास घेऊ दे. देवाने माणूस घडवला तेव्हा त्याला आवडला होता की नाही?"

"मग फळ कोणी खाल्लं? शेजाऱ्यांनी?"

"ते नंतर. मुळात माणूस चांगलाच."

"मुळातच कीड आहे! आदामापासून उतरत आलीय. उगाच का प्रभूला क्रुसावर जावं लागलं? माणूस चांगला असता तर माझं दुकान चाललं असतं?"

"तुझ्याकडे चोर येतात का रे? चावी हरवलेले येतात. आपल्याच घराबाहेर अडकलेले."

आत्याला टाळी द्यावीशी वाटली. दिली नाही. पाणी वाढलं.

शुक्रवार, ८ मार्च

बाबा अंघोळीला गेले की चाव्यांचा जुडगा खिळ्यावर असतो. आज साबणाच्या वडीवर दाराच्या चावीचा छाप घेतला. दोन्ही बाजूंचा. छाप सुरेख आला. बाबांनीच शिकवलंय ना.

"नवा साबण कुठे गेला गं?"

"संपला."

थाप! किती सहज आली तोंडात. घरचीच असल्यासारखी.

शनिवार, ९ मार्च

बाबा कामावर गेले आणि मी कोरी चावी आणि कानस घेतली. चावी झाली. ती लावली तर बाबांचं खरं ठरणार. नाही लावली तर मी इथेच म्हातारी होणार. पापी म्हणून कोंडतात, आणि कोंडतात म्हणून मी पाप करते. यातलं आधी कुठलं? डोकं फुटायची वेळ आली.

रविवार, १० मार्च

चर्चमध्ये पाळक म्हणाले, बाळ पाप घेऊनच जन्माला येतं. बाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. चावी मोज्यात होती. टोचत होती. गुडघे टेकले तेव्हा जास्तच.

प्रभू, मी वाईट आहे की नुसती कोंडलेली? एवढंच सांग.

मंगळवार, १२ मार्च

लावली. फिरली!! आमचं कुलूप दोन्हीकडून चावी लागणारं, आतूनही उघडतं. पायरीवर ऊन होतं. समोरचा सायकलवाला म्हणाला, "काय गं, आज सुट्टी वाटतं?"  घाबरून आत पळाले आणि आतून परत कुलूप लावलं. माझं मीच!

उद्या बाबांचं लांबचं काम आहे. उद्या नाही घाबरणार. सरळ ताईकडे. परत यायचंच नाही. ठरलं.

बुधवार, १३ मार्च

ताईला मुलगी झाली!

बाबा निघायच्या बेतात होते, तेवढ्यात आत्या धापा टाकत आली. फोनवरचा फोटो त्यांच्या नाकापुढे धरला. त्यांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "अगं... किती निष्पाप दिसते."

आत्याने तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढला.

दोघं दवाखान्यात गेलेत. मला "चल" म्हणायचंही सुचलं नाही बाबांना. आणि कुलूप लावायचंही. दार सताड उघडं आहे.